निरोपाची तालीम

चांदणी क्रीडा मंडळाच्या मैदानाकडेला एक दगडी रोलर आहे. मैदान मातीचं होतं तेव्हा पोरी पाणी मारून तो ओढायच्या, माती दाबून घ्यायच्या. पुढे मातीवर निळी मॅट आली आणि रोलरचं काम संपलं. मालनबाई डुबलांनी मात्र तो हलवू दिला नाही. त्याच्यावर बसूनच त्या खो-खो शिकवायच्या. सांगलीकडच्या तीन पिढ्यांच्या मुलींना त्यांचा आवाज ठाऊक होता, आणि तो नदीपलीकडच्या मळ्यांत ऐकू जातो असं गावात म्हणत.

शलाका हिंगमिरे पेढे घेऊन आली, तेव्हा त्या आवाजात एका पोरीची हजामत चालली होती.

"संगे, खो देताना हात पाठीला लागू दे! काय वारा घालायलीस तिला?"

ही पोरगी म्हणजे रेणुका कोळेकर. संगीता हे तिच्या आईचं नाव. आईही याच मैदानावर खेळलेली, म्हणून बाई लेकीलाही अधूनमधून संगे म्हणत. रेणूला त्याचं काही वाटत नसे. ती हसली आणि पुन्हा आपल्या चौकोनात जाऊन बसली.

"बाई, पेढा घ्या. विद्यापीठाच्या यादीत नाव लागलं. क्रीडा व्यवस्थापन."

बाईंनी अख्खा पेढा तोंडात टाकला. "म्हणजे खेळायचं पण नाही, शिकवायचं पण नाही. लग्नात वाढायला न येणारा एक मामा असतो, नुसता पंगतीवर नजर ठेवून फिरतो, तसं होय?"

"तसंच समजा."

"मान मामालाच असतो गं. कर, चांगलं आहे." मग बाईंना आठवलं. आठवायला लागलं की त्यांचा चेहरा पंधरा वर्षांच्या पोरीचा होई. "आमचं व्यवस्थापन म्हणजे मीच. बडोद्याला फायनल होती. पोरींचे डबे, रेल्वेची तिकिटं, कुणाचं पोट दुखलं तर ओवा, सगळं माझ्याकडं. त्यात माझ्या उजव्या पायाचं बोट मोडलेलं. पातळाचा काठ फाडला, बांधला आणि खेळले. शेवटचा गडी मीच टिपला."

ही गोष्ट शलाकाने लहानपणापासून ऐकली होती. तरी तिने ती पूर्ण ऐकून घेतली.

"नाव लागलंय बाई, प्रवेश पक्का व्हायचाय. उन्हाळाभर तयारी करायची आहे. पुस्तकं वाचायची, थोडं संख्याशास्त्र, आणि एक प्रात्यक्षिक."

"कसलं?"

"निरोपाचं."

बाई पेढ्याचा कण चघळायच्या थांबल्या.

निरोप म्हणजे काय हे समजायला आधी सावली समजली पाहिजे. त्या काळात मैदानावर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या घोट्याला एक पट्टा असे. खेळाडू असो, पंच असो की शिकवणारा, सुट्टी कुणाला नाही. पाऊल पडताना भार कुठल्या हाडावर गेला, किती वेळ राहिला, वळताना तोल कुठे ढळला, हे पट्टा टिपून ठेवी. मैदानावरचं बोलणंही टिपलं जाई. महिन्यातून एकदा तंत्रज्ञ येऊन मुलींच्या गुडघ्यावरून सोनोग्राफीचा दांडा फिरवत आणि आतल्या बंधांचे धागे किती सरळ, किती उसवलेले ते पाहत. एवढ्या माहितीवर संगणकात त्या मुलीचं दुसरं शरीर उभं राही. त्याला सगळे सावली म्हणत. फरक इतकाच, की ही सावली कायम पुढेच पडे. मुलगी घरी गणितं सोडवत असे तेवढ्यात तिची सावली दहा हंगाम खेळून, वाढून, थकून, मोडून परत येई. आणि पुन्हा पहिल्यापासून खेळे. हजार वेळा खेळवून बहुतेक वेळा तोच गुडघा त्याच वयात गेला, तर ते लिहून ठेवल्यासारखंच धरायचं. विहिरीचा दोर कुठे तुटणार हे जुना माणूस दोरावरून बोट फिरवून सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

बाईंनी सुरुवातीला या सावलीची यथेच्छ टिंगल केली होती. "पोरीला घाम येतो, त्या भुताला येतो का?" दीपाली सुतारचा डावा गुडघा या हंगामात जाईल असं सावलीने सांगितलं, तेव्हा बाईंनी तिला मुद्दाम पहिल्या डावात उतरवली. दुसऱ्या डावात, खांबाला वळताना, ऊस मोडल्यासारखा आवाज आला. बाई रोलरवर होत्या. तिथपर्यंत तो ऐकू आला. त्यानंतर बाईंनी सावलीला नाव ठेवलं नाही.

सावलीचे निकाल पहिल्या वर्षी मोबाईलवर जात. मग एका गावात एका मुलीने शाळेच्या वाटेवर तो निकाल वाचला, आणि ती शाळेतही पोचली नाही आणि घरीही आली नाही. तेव्हापासून नियम झाला. निरोप माणसानेच द्यायचा, समोरासमोर, शिकून घेऊन; आणि तो देईपर्यंत ज्याला माहीत आहे त्याने ब्र काढायचा नाही. ज्याला हे जमत नाही त्याला क्रीडा व्यवस्थापनाच्या वर्गात जागा नाही. पदवीची पहिली पायरी तीच होती. खऱ्या मैदानावर, खऱ्या माणसाला, खरा निरोप.

"कुणाचा आहे?" बाईंनी विचारलं.

"नाव सांगता येत नाही. आधी फुटलं तर माझा प्रवेश गेला, आणि पुन्हा अर्ज करता येत नाही."

"याच मैदानावरचं माणूस?"

शलाकाने बाईंच्या डोळ्यांना डोळा दिला नाही. ती मॅटकडे पाहत राहिली. मॅटवर रेणूने खांबाला हात घालून अशी गिरकी घेतली की पुढची मुलगी वाचवायला निघाली तीच तिच्या हातात आली. पोरींनी कल्ला केला. शलाकाचे डोळे भरून आले होते.

बाईंना जे समजायचं ते समजलं.

"मला शिकवा बाई," शलाका म्हणाली. "तुमच्यासारखं कुणाला सांगता येत नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मला तुम्हीच सांगितलं होतं. इथंच."

खरं होतं. शलाका तेरा वर्षांची असताना तिचे पाय मंद आहेत हे बाईंनी यंत्राशिवाय ओळखलं होतं, आणि याच दगडावर बसवून तिला सांगितलं होतं. त्या दिवसापासून ती मंडळाचं घड्याळ सांभाळत होती. तिच्या वयाच्या मुली राज्याला गेल्या, राष्ट्रीय खेळल्या, लग्न होऊन गेल्या. शलाका वेळ मोजत होती.

*

रोज सराव संपला की शिकवणी सुरू व्हायची.

"आधी खायला घालायचं," बाई म्हणाल्या. "गूळ-शेंगदाणे. रिकाम्या पोटी वाईट बोलणं ऐकलं की ते आतड्याला धरतं. मग बसायचं. कुठं?"

"समोर?"

"समोर पोलीस बसतात. शेजारी बसायचं. दोघींची तोंडं मैदानाकडं. तिला रडायचं असलं तर तुला दिसता कामा नये. आणि एका वाक्यात सांगायचं. त्या वाक्यात 'पण' आला तर कानाखाली जाळ काढीन. 'तू चांगली खेळतेस, पण' असं म्हटलं की पोरगी जन्मभर त्या 'पण'लाच लटकून राहते."

"मग?"

"मग तिच्या हातात काहीतरी द्यायचं. दोरी दे, शिट्टी दे. रिकामे हात लई वाईट. आणि शेवटचं. तू आधी उठायचं नाहीस. ती उठेपर्यंत बसून राहायचं. खो मिळायच्या आधी उठलं तर काय?"

"फाऊल."

"हां. मग आता मी रेणू. सांग मला."

शलाका दचकली. "रेणू का?"

"असू दे की. एक नाव घेतलं. बोल."

शलाका शेजारी बसली. तिने पुडी सोडली. बाईंनी शेंगदाणे तोंडात टाकले आणि लहान पोरीसारखे पाय हलवत बसल्या. शलाकाने तोंड उघडलं. रडूच फुटलं. तिचा हात थरथरत होता आणि गुळाचा खडा बाईंच्या पातळावर पडला.

"ए भवाने! रडायचं काम तिचं आहे, तुझं नाही. तू रडलीस तर तिनं तुझी समजूत काढत बसायचं होय? पुन्हा."

पुन्हा. आणि पुन्हा. आठवडाभरात शलाकाचा हात थांबला. पंधरवड्यात आवाज सरळ झाला. बाईंना शिकवल्याचा आनंद होई, आणि कशासाठी शिकवतोय ते आठवलं की तो मावळे. एकदा त्या म्हणाल्या, "इंदूरला फायनल होती. माझ्या डाव्या पायाचं बोट मोडलेलं. पातळाचा काठ बांधून खेळले. दुखणं बांधून घेता आलं पाहिजे गं."

शलाकाने मान वर केली. "इंदूरला?"

"मग कुठं?"

"काही नाही बाई."

*

बाईंना झोप लागेना. रेणूसारखे पाय त्यांनी पन्नास वर्षांत दोनदाच पाहिले होते, आणि दुसरे पाय त्यांचे स्वतःचे होते. यंत्राशी भांडण्यात अर्थ नव्हता; दीपालीचा आवाज अजून कानात होता. निरोप टळणार नव्हता. तो कमी लागावा एवढंच करता येण्यासारखं होतं.

आई मुलाला अंगावरून तोडताना कडुनिंबाचा पाला वाटून लावते. मूल तोंड लावतं, कडू लागतं, रडतं, चार दिवसांत आपणच सोडतं. बाईंनी तेच करायचं ठरवलं. मैदानच पोरीला कडू करून टाकायचं. मग शलाका सांगेल तेव्हा तुटायला फारसं काही उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेणूला पहिल्या नऊतून काढलं.

"बाई, मी?"

"बस तिकडं."

रेणू बसली. तिला वाटलं, आपलं काही चुकलं. ती लवकर यायला लागली, सगळ्यांच्या आधी मॅट झाडून ठेवायला लागली. बाई झाडलेल्या मॅटवरून बोट फिरवून म्हणाल्या, "याला झाडणं म्हणतात? तुझी आई बरी होती तुझ्यापेक्षा." रेणूने पुन्हा झाडली. तिने सूर मारला तर बाईंनी पाहिलं नाही. तिने गडी टिपला तर त्यांनी दुसरीचं नाव घेतलं. एखाद्या शेतकऱ्याने कणसाला आलेलं जोंधळ्याचं रान नांगरावं तशा त्या रोज थोडं थोडं नांगरत होत्या. आणि घरी जाऊन देवापुढे दिवा लावताना म्हणायच्या, माझ्या पोरीला सोसायला दे.

शलाका हे रोज पाहत होती.

"बाई, तिला बसवू नका ना."

"तू तुझं बघ."

"तिनं काय केलंय?"

"तिनं काही केलं नाही म्हणूनच," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, शलाकाचं मन तिला खातंय. बरं आहे. मन खाणारी माणसं निरोप नीट देतात.

शेवटी एका रविवारी गावातल्याच दुसऱ्या मंडळाशी सामना होता. माणसं बघायला आलेली. संगीताही आली होती. रेणूला बाईंनी उतरवली ती शेवटी, पाठलागाला, मधल्या चौकोनात बसवून. धावणारीने रेणूच्या पाठीवरून दोनदा जाऊन तिसरीला खो दिला, कारण बाईंनी तिला तसं सांगून ठेवलं होतं. डाव संपल्यावर रेणू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला एकदाही खो का दिला नाही?"

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुझ्या पाठीला हात लावावा असं कुणाला वाटत नाही, त्याला मी काय करू?"

नदीपलीकडच्या मळ्यातही ते ऐकू गेलं असेल. संगीता उठून उभी राहिली. रेणू रडली नाही. ती खाली वाकली, घोट्याचा पट्टा सोडला आणि रोलरवर ठेवला.

"हा घ्या बाई."

मायलेकी गेल्या. शलाका घड्याळ हातात धरून उभी होती. ती दोन पावलं रेणूच्या मागे गेली आणि थांबली. मग बाईंकडे आली.

"तिला परत बोलवा."

"का?"

शलाकाने तोंड उघडलं. काहीतरी जिभेवर आलं होतं, हे बाईंनाही दिसलं.

"असंच," शलाका म्हणाली.

"तुझं काम सोपं केलं मी. उपकार मान."

शलाका तोंड धुवायला नळावर गेली, आणि बराच वेळ आली नाही.

*

प्रात्यक्षिकाच्या दिवशी शलाका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आली. गळ्याजवळ बटणाएवढं यंत्र होतं. त्यातून शहरात बसलेले परीक्षक पाहत आणि ऐकत होते. सराव संपला होता, पोरी घरी गेल्या होत्या, मॅटवर उन्हाची शेवटची तिरीप होती.

"अगं, पोरगी तर येतच नाही आता," बाई म्हणाल्या. "निरोप द्यायला तिच्या घरी जायला लागणार. मी येऊ का बरोबर? संगीता दार उघडायची नाही तुला एकटीला."

 शलाका रोलरवर बसली. शेजारी. तोंड मैदानाकडे. तिने पुडी सोडली.

"घ्या बाई."

बाईंनी सवयीने हात पुढे केला. चार दाणे तोंडात टाकले. तिसऱ्या की चौथ्या चावण्याला त्यांचा जबडा थांबला. त्यांनी पुडीकडे पाहिलं. मग आपण कुठे बसलोय ते पाहिलं.

"शलाके," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमच्या सावलीला पुढच्या वर्षी पोरींची नावं आठवत नाहीत, म्हणून येत्या एक तारखेपासून तुम्ही मैदानावर नसाल."

एक वाक्य. त्यात 'पण' नव्हता. आवाज अगदी सरळ होता.

एक टिटवी ओरडत नदीकडे गेली. बाईंनी तोंडातला घास कसाबसा गिळला.

"पायाच्या पट्ट्यावरून डोक्यातलं कसं कळतं?"

शलाकाने ते पाठ केलं होतं. तिने समोर पाहत सांगितलं. चालणं आणि आठवणं या मेंदूत शेजारणी असतात. एकीच्या घराला ओल आली की दुसरीच्या भिंतीला आधी डाग पडतो. चालताना बोलायला लागलं की पाऊल किंचित अडखळतं, वळायला एक पाऊल जास्त लागतं. माणसाला स्वतःला कळत नाही, घरच्यांना कळत नाही, पट्ट्याला कळतं. त्याच्या जोडीला बोलणं. नाव घेण्याआधीची थांबलेली जागा. लेकीला आईच्या नावाने मारलेली हाक.

"ती मी प्रेमानं मारते."

"हो बाई."

"आणखी काय?"

"फायनलची गोष्ट. कधी बडोदा असतं, कधी इंदूर. कधी उजवं बोट, कधी डावं."

 बाईंनी दोन्ही पाय पुढे केले आणि बोटांकडे पाहिलं. म्हाताऱ्या बोटांत सगळीच वाकडी होती.

"कुठं होती गं फायनल?" त्यांनी हळूच विचारलं. "तू लहानपणापासून ऐकतेस. आधी काय सांगायचे मी?"

"आधीही बदलत असेल तर मला कसं कळणार बाई? मी तिथं नव्हते."

त्या संघातली दुसरी कुणीही आता हयात नव्हती.

शलाकाने खिशातून मंडळाचं घड्याळ काढलं, तेच, आणि बाईंच्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटवून दिली. बाई त्या मिटलेल्या मुठीकडे पाहत राहिल्या. मग त्यांना एकाएकी ते आठवलं, आणि त्या गर्रकन वळल्या.

"आणि रेणू?"

"रेणूचं काय?"

"तिची सावली!"

"स्वच्छ आहे," शलाका म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "तंत्रज्ञ म्हणाले, इतकी लांब पळणारी सावली त्यांनी पाहिलेली नाही."

"तुला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी तिला रोज... तू बघत बसलीस?"

"'रेणू नव्हे' म्हटलं असतं तर मग कोण हे तुम्ही दोन मिनिटांत ओळखलं असतं. प्रवेश गेला असता." शलाका थांबली. "मला खेळता आलं नाही बाई. एवढंच राहिलं होतं."

बाईंच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. गळ्याजवळचं बटण चमकत होतं. त्यांनी त्या बटणाकडे पाहिलं आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "आवाज चांगला ठेवलास. हात थरथरला नाही. पास करायला हरकत नाही हिला."

आणि त्या बसून राहिल्या.

शलाकाला उठता येत नव्हतं. समोरचं माणूस उठेपर्यंत उठायचं नाही, हा बाईंचाच नियम तिने परीक्षकांना तयारीत लिहून दिला होता. तिरीप गेली. डास आले. शलाकाच्या पाठीला कळ लागली, तिचे ओठ सुकले, ती एकदा म्हणाली, "बाई, अंधार पडला." बाईंनी घड्याळ चालू केलं. त्याची टिकटिक दोघी ऐकत राहिल्या. एवढी एकच शिक्षा बाईंच्या हातात होती, आणि ती त्यांनी पुरेपूर दिली.

मग त्या उठल्या आणि तशाच कोळेकरांच्या घरी गेल्या. संगीताने दार अर्धंच उघडलं.

"तिला हाक मार. माझं चुकलं. पोरीत काही खोट नाही."

"खोट नाही हे मला ठाऊक होतं बाई," संगीता म्हणाली. "तुम्हाला आता कळलं होय? जेवायला बसलीय ती. जेवू दे तिला." आणि दार लावून घेतलं.

*

शलाका विद्यापीठात गेली. निरोपात तिला सगळ्यांत जास्त गुण होते. तिचं चित्रण पुढच्या मुलांना नमुना म्हणून दाखवतात. त्यात शेजारी बसलेल्या म्हातारीचा चेहरा पुसट केलेला आहे.

सावलीचं एक गणित मात्र चुकलं. बाईंची सावली खेळवली होती ती मैदानावर: रोज दोन वेळा चालणारी, ओरडणारी, पोरींची नावं घेणारी. तिला मैदानावरून उठवून घरात बसवलं तर काय होईल, हे कुणी तिला विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी यायचं होतं ते त्याच पावसाळ्यात आलं.

भुईमूग काढायचे दिवस होते. कोळेकरांच्या पायरीवर वेलांचा ढीग पडला होता आणि रेणू शेंगा तोडत बसली होती. बाई आल्या. हातात घड्याळ होतं. रेणूने जागा करून दिली. आत जाऊन ती गुळाचा खडा घेऊन आली, ओल्या शेंगा सोलून दाणे त्यांच्या हातावर ठेवले. बाईंनी खाल्ले. रेणू त्यांच्या शेजारी बसली. दोघींची तोंडं रस्त्याकडे होती.

"तुला एक सांगायला आलेय," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं. तुझी सावली स्वच्छ आहे. मैदानावर ये परत."

"बाई, तुम्ही काल पण आला होतात."

"मी?"

"परवा पण."

बाईंनी खूप विचार केला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. "मग तू काय म्हणालीस?"

"मी खेळणं सोडलं, बाई."

एवढंच. बाई वाट पाहत राहिल्या. पुढे 'पण' येईल असं त्यांना वाटत होतं. आला नाही. रेणूने वेलांचा एक जुडगा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंची बोटं आपोआप शेंगा तोडायला लागली. उन्हं कलली, आतून संगीताने दोनदा हाक मारली, तरी रेणू उठली नाही. ती शेजारी बसून राहिली.

बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. चांगला खेळ पाहिला की उजळायचा तसाच.

"काय सुरेख सांगितलंस गं, संगे. कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, बाई," रेणू म्हणाली. "पहिल्यांदा मला सांगता येईना. रडायला लागले. तेव्हा तुम्हीच इथं बसून शिकवलंत."

"असं होय," बाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग तोडली.